पांढऱ्यात पाऊण झाकण पिवळा

डब्यातला पांढरा रंग काढून तसाच फासणारा माणूस पेंटर नसतो. तो चुना मारणारा असतो. मी पस्तीस वर्षं पेंटर होतो, आणि माझ्या दुकानाच्या पाटीवर माझ्या नावापुढे 'बी.ए.' लिहिलेलं होतं. लाल अक्षरं, त्यांना काळी सावली. दर दिवाळीला मी ती दोन अक्षरं नव्यानं ओढायचो. गावानं त्यावर भरपूर हसून घेतलं. "बोर्डच रंगवायचे होते त कालेजात कायले गेलता?" असं तोंडावर विचारणारे होते. मी सांगायचो, "शुद्ध लिहायले गेलतो." आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाप लवकर गेला, मायला अंगठ्याशिवाय सही नव्हती. तेव्हा त्या दोन अक्षरांची मला लाज वाटली नाही. पुढे त्यांच्यापायीच मी तोंडावर पडलो, ते सांगणारच आहे.

या अंकाच्या संपादकांचा निरोप होता, "धंद्यातले रंगीत किस्से लिहा." किस्से आहेत. एका दाताच्या डॉक्टरला बोर्डावर स्वतःच्या नावापेक्षा दात मोठा हवा होता. काढला तर पेशंट म्हणाले, दवाखाना ढोरांचा आहे का? एका साडीवाल्यानं गुलाबी पाटी सात वेळा बदलून घेतली आणि शेवटी पहिलीच ठेवली. असे पुष्कळ आहेत. पण गेल्या महिन्यात शेजारची मुलगी सामान्यज्ञान स्पर्धेचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. त्यात आमच्या गावावर एक प्रश्न होता: नगरपरिषदेच्या बोधचिन्हावर कोणतं फूल आहे? मागे उत्तर छापलेलं, चाफा.

"काका, बरोबर हाये ना? तुम्हीच काढलं म्हन्ते ते."

मी म्हणालो, "हो, बरोबर आहे."

ते चाफ्याचं फूल नाही. ते कापसाचं बोंड होतं, आणि त्याचं फूल मी केलं. किस्से पुन्हा कधी.

आमचं गाव पुसद-उमरखेडच्या बाजूला, फार मोठं नाही. नगरपरिषद, बाजार, दोन शाळा, बस थांबा, आणि तेव्हा तीन जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारे कारखाने. धंदा मी सलीमउस्तादांकडे शिकलो. बाहेरच्यांना वाटतं, पेंटर म्हणजे ब्रश हातात धरला की झालं. ब्रश शेवटी येतो. आधी पत्रा घासायचा, मग लाल ऑक्साइडचा हात, मग दोन हात जमिनीचे. जमीन म्हणजे पाटीचा मूळ रंग. त्यावर खडूच्या सुतानं रेघा मारायच्या. एकच चिन्ह शंभर ठिकाणी काढायचं असेल तर खाका करायचा: जाड कागदावर चित्र काढून रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद पत्र्यावर धरायचा, वरून गेरूची पुरचुंडी आपटायची. ठिपके उमटतात. ठिपके जोडायला अक्कल लागत नाही, रंग कालवायला लागते.

आमच्या गावात आणखी एक शत्रू होता. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंग चालायचं आणि हवेत रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, तंतू तरंगायचे. ओल्या ऑइलपेंटवर येऊन बसायचे. सकाळी रंगवलेली पाटी संध्याकाळी दाढी उगवल्यासारखी दिसायची. नवीन गिऱ्हाईक भांडायचं. जुनं गिऱ्हाईक बोट फिरवून म्हणायचं, "यंदा सीजन जोरात हाये."

बियाण्याच्या कंपन्यांच्या भिंतीही मी रंगवल्या. खेड्याखेड्यात, रस्त्याकडेच्या भिंतीवर. कंपनीचा माणूस खाका आणून द्यायचा: हिरवं पान आणि भोपळ्याएवढं बोंड. पांढरा एकदम चकाकता हवा, म्हणायचा, लांबून डोळ्यात भरला पाहिजे. एकदा असंच बोंड रंगवताना मागे एक म्हातारा येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता.

"पेंटर," म्हणाला, "असं बोंड कोन्या वावरात लागते गा?"

"कंपनीच्या."

"मंग वावरबी तेच्याच पुडक्यात भेटते का?"

मी हसलो आणि पांढरा चकाकता लावला. मजुरीचं काम होतं. त्याचा मला पश्चात्ताप नाही. माझं दुखणं वेगळं आहे.

नगरपरिषदेला पन्नास वर्षं होत आली तेव्हा अध्यक्षांच्या मनात आलं की गावाचं बोधचिन्ह असावं आणि झेंडा असावा. अध्यक्ष नानाजी, एका जिनिंगचे मालक. जाड भिंगाचा चष्मा, खादीची बंडी, तोंडात कायम सुपारी. त्यांनी मला बोलावलं. "तू शिकेल हायेस. चित्रबी काढ आन प्रत्येक रंगाचा अर्थबी लिहून आन. सभेत इचारतीन."

पंधरा दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. ढालीचा आकार घेतला. माथ्यावर पळसाच्या फुलाचा केशरी. खाली नदीचा निळा पट्टा. त्याखाली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, हिरवी पानं, पायाशी काळी माती, आणि सगळ्यांच्या मधोमध उमललेलं पांढरं बोंड. झेंडा साधा: कापडावर मधोमध हीच ढाल.

सभेत चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. एका सदस्यानं चष्मा लावून जवळून पाहिलं.

"हा हिरवा कोनाचा?"

"पऱ्हाटीच्या पानाचा."

"नाई, मले वाटलं..."

"तुमाले का वाटलं ते सगळ्याइले समजलं," दुसरा म्हणाला. "मंग हा केशरी कोनाचा, तेबी इचारा."

"पळसाचा," मी म्हणालो.

"आन निळा?"

"नदीचा."

"नदीत निळं पानी कुठी हाये? आठ महिने रेती असते," तिसरा म्हणाला.

"रेतीचा रंग देऊ का मंग?" नानाजींनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "तुमचा त फायदाच होईन." सभा हसली, कारण नदीतल्या रेतीचा ठेका त्या तिसऱ्याचाच होता.

असं दोन तास चाललं. माझ्या पळसाला पळस म्हणून कोणी पाहिलं नाही, पानाला पान म्हणून नाही. प्रत्येकाच्या डोक्यात कोणता रंग कोणत्या मोहल्ल्याचा हे आधीच ठरलेलं होतं. शेवटी केशरी, निळा, हिरवा तिन्ही राहिले, पण ते कोणाला पटले म्हणून नाही. पट्टीनं मोजून सारख्या रुंदीचे केले म्हणून.

मग काळ्यावर आले. "हे खाली सुतक कायले?"

मी उभा राहून बोललो. म्हणालो, आपल्याकडे जमिनीला दोन नावं आहेत. जिथे नांगर चालतो ती काळी. जिथे माणसांची घरं असतात ती पांढरी. जुन्या कागदांत अशीच नोंद असते, गावची काळी आणि गावची पांढरी. म्हणून पायाशी काळा घेतला आणि मधे पांढरा. दोन्ही असले की गाव पुरं होतं.

नानाजी मला म्हणाले, "पोरा, बोलला बरोबर. पन झेंड्यात काळा चालनार नाई. उद्या मंत्री आला त म्हनीन, माह्या स्वागताले काळे झेंडे लावले." मग त्यांनी तोडगा काढला: चॉकलेटी. आमच्या शिवारात चॉकलेटी माती कुठे आहे ते मला आजवर दिसलेलं नाही. पण मी मान डोलावली. तेव्हा ते मला समजूतदारपणाचं वाटलं.

पांढऱ्यावर मात्र कोणी भांडलं नाही. तो कोणाच्याच मोहल्ल्याचा नव्हता.

नमुन्याचा पत्रा मी घरी अंगणात रंगवला. माय संध्याकाळी जिनिंगमधून आली. माझी माय, गिरजाबाई, नानाजींच्याच जिनिंगमध्ये कवडी वेचायला होती. कवडी म्हणजे किडका, डागी, पिवळा पडलेला कापूस. ढिगासमोर बसायचं आणि चांगल्यातून तो नजरेनं, बोटांनी वेगळा काढायचा. दिवसभर बाया तेच करत. त्याआधी मायची अर्धी हयात लोकांच्या वावरात वेचणीत, पहिल्या वेच्यापासून शेवटच्या वेच्यापर्यंत, गेलेली. ती आली तेव्हा नेहमीसारखी तिच्या केसांत, भुवयांवर रुई होती. हातपाय न धुता पत्र्यासमोर उभी राहिली.

"बोंड बरोबर काढलं. पांढरं चुकलं."

"चुकलं म्हणजे? पांढरा पांढराच असतो, माय."

"तुह्या कालेजात असन. आमच्याइकडं नसते."

"मग हा कोणता आहे?"

"हा कफनाचा हाये," ती म्हणाली. "नीळ घालून धुतल्यावानी. बोंडाले जीव असते बाप्पा. पयल्या येच्याच्या कापसात जरासक पिवळेपन असते, गाईच्या दुधात असते तसं. कवडी येगळी आन हे येगळं. कवडी मेलेली पिवळी."

तिनं पदराची गाठ सोडली. आत चिमूटभर कापूस होता. कशाला बांधून आणला होता कोण जाणे, तिच्या पदरात तो असायचाच. तिनं तो पत्र्याच्या कोरड्या कोपऱ्यावर धरला. पिवळ्या रंगाचा डबा उघडून मी झाकणात थोडा घेतला आणि पांढऱ्यात सोडला, ढवळला, पट्टी मारली.

"आजून."

पुन्हा सोडला.

"आजून एक थेंब. थांब थांब, बस! आता बोंड झालं."

लिटरभर पांढऱ्याला पाऊण झाकण पिवळा. हे माप मला कुठल्या उस्तादानं दिलेलं नाही. झेंड्याचं कापडही तिनंच ठरवलं. मी साटीन म्हणत होतो, ती म्हणाली कोरं मांजरपाट घे, धुवायच्या आधीचं, त्याचा रंग मुळातच तोच असतो. घेतलं. खरंच तोच होता.

मग मी टिपणी लिहिली. 'बोधचिन्हातील रंगांचा अर्थ.' पांढऱ्यापुढे लिहिलं: 'पहिल्या वेच्याच्या कापसाचा व गावाच्या पांढरीचा रंग. यात किंचित पिवळसर झाक असावी.' खाली सही, पूर्ण नाव, बी.ए. नानाजींनी टिपणी वाचली आणि विचारलं, "ही झाक कोनं सांगतली?"

"मायनं. तुमच्याकडेच असते कामाला."

"गिरजाबाई? मंग बरोबर असन. ते बाई चुकत नाई." त्यांनी शिक्का मारला.

त्यानंतर कित्येक वर्षं मी ते चिन्ह काढलं. पाण्याच्या टँकरवर, कचऱ्याच्या गाडीवर, बागेच्या बाकांवर, स्मशानाच्या फाटकावर, शाळेच्या घंटेखालच्या फळीवर. मायला वाचता येत नव्हतं, पण गावात ते चिन्ह दिसलं की ती थांबायची. मान तिरपी करून पांढरा तपासायची, जसा ढिगातला कापूस तपासायची. एकदा बाजारात एका बाईला सांगत होती, "ह्ये माह्यं हाये." ती बाई म्हणाली, "गाडी?" माय म्हणाली, "नाई वं, पांढरं."

मग ती वर्षं आली. त्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे, लिहिणारे बहुतेक बाहेरचे. मी फक्त माझ्या दुकानातून दिसलं ते लिहितो. भाव पडले. खरेदी केंद्रावर गाड्या चार-चार दिवस उभ्या राहू लागल्या. ज्या कापसाला माझी माय पहिल्या वेच्याचा म्हणायची त्याला केंद्रावरचा ग्रेडर लांबूनच म्हणायचा, "पिवळा आहे, मागं घ्या." मायनं ते एकदा रस्त्यातून जाताना ऐकलं आणि तिथेच उभी राहिली. "बोट त लावून पाय रे बाबा!" ग्रेडरनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तीन जिनिंगपैकी आधी एक बंद पडलं, मग दुसरं. तिसरं नानाजींचं. ते निवडणूकही हरले होते. एका हंगामात भोंगा वाजला नाही आणि कवडीच्या बाया घरी बसल्या. नानाजी मुलाकडे नागपूरला निघून गेले. जाताना कोणाला भेटले नाहीत.

बोर्डाची कामंही आटली. दुकानं उघडत नव्हती, तर पाट्या कोण लिहिणार? होती ती डिजिटल फ्लेक्सवाल्यांकडे गेली.

त्याच काळात चॅनेलच्या गाड्या येऊ लागल्या. आमच्या तालुक्यात कोणा शेतकऱ्यानं जीव दिला की त्या नगरपरिषदेच्या फाटकासमोर उभ्या राहायच्या, कारण फाटकावर बोंड होतं. हातात माईक घेतलेल्या मुलामुलींच्या खांद्यामागे माझं बोंड दिसायचं. मुंबई-दिल्लीला ते रोज संध्याकाळी दिसत होतं.

नवे मुख्याधिकारी पश्चिम महाराष्ट्राकडचे होते. तरुण, स्वच्छ शर्ट, बोलणं अगदी मऊ. त्यांनी मला बोलावलं आणि खुर्चीकडे हात केला. त्या कार्यालयात इतकी वर्षं मी कामं केली, खुर्ची पहिल्यांदा मिळाली. चहाही आला.

"तुमची जुनी टिपणी वाचली," ते म्हणाले. "काय सुंदर भाषा आहे हो! मराठीचे पदवीधर का तुम्ही?"

"हो. पुसदला झालो."

"वाटलंच. ही मंडळी मसुदे लिहितात ते वाचवत नाहीत." मग ते मुद्द्यावर आले. "फाटकावरचं ते बोंड. गावाची फार बदनामी होतेय. आता स्वच्छता अभियान येतंय, तपासणी आहे. मी म्हणतो, बोंडाचे पाच कप्पे आहेत ना, त्यांच्या पाच पाकळ्या करा. पान तेच राहू दे. फूल दिसेल. आणि पांढरा जरा पांढरा करा. तो पिवळट, मळका वाटतो."

"साहेब, तो मळका नाही. तसाच असतो."

"असेल. पण लोकांना मळका वाटतो ना."

"आणि चिन्ह बदलायला सभेचा ठराव लागेल."

ते हसले. "चिन्ह कुठे बदलतोय? ठरावात लिहिलंय: 'मध्यभागी पांढरी आकृती.' बस. बोंड हा शब्द फक्त तुमच्या टिपणीत आहे. रंग आपण बदलत नाही, फक्त रंगाचा अर्थ बदलतोय. त्याला ठराव लागत नाही. मात्र जुन्या टिपणीवर तुमची सही आहे, म्हणून सुधारित टिपणीवरही तुमचीच लागेल. लेखापरीक्षणात अडचण नको. लिहाल ना तुम्हीच? दुसऱ्या कोणाला जमणारही नाही."

म्हणजे सगळं माझ्या सहीवर अडलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर बोंड राहिलं असतं. हे त्याच खुर्चीत बसून मला स्वच्छ समजलं होतं. मला नीट माहीत नव्हतं, असं नंतर सांगण्याची सोय मला नाही. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

उस्तादांकडे गेलो. सलीमउस्ताद तेव्हा थकले होते, हात थरथरायचा, ओट्यावर बसून असायचे. सगळं ऐकून घेतलं.

"काम करून टाक," ते म्हणाले. "अपना धंदा हाये. साहेब म्हने गाढव काढ, त गाढव काढायचा. उद्या दुसरा साहेब येईन, तो म्हनीन पुसून टाक. पन सही नको करू, बेटा."

"सहीशिवाय काम मिळणार नाही."

"त नको घेऊ काम. रंग मिटते, सही नाई मिटत. आन गिरजाबाईले का सांगशीन?"

मी उठलो. घरी आलो, मायला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसून टिपणी लिहिली.

कामासाठी लिहिली, असं म्हणता येईल. अख्ख्या गावाच्या भिंती अभियानात रंगवायच्या होत्या आणि माझ्या दुकानात महिन्याभरात कोणी फिरकलं नव्हतं. पण ते अर्धंच खरं आहे. ज्या माणसानं मला खुर्ची दिली होती, ज्यानं माझी भाषा सुंदर म्हटली होती, त्याला मला चांगलं लिहून दाखवायचं होतं. 'शुभ्र धवल वर्ण हा स्वच्छतेचे, निर्मळतेचे व शांततेचे प्रतीक असून मध्यभागातील पुष्प नगराच्या प्रसन्नतेचे द्योतक आहे.' हे वाक्य मी चार वेळा घोटलं. 'द्योतक' सुचला तेव्हा मला आनंद झाला होता, हे लिहिताना मला आज लाज वाटते. मजूर असतो तर नुसता ब्रश चालवून आलो असतो. बी.ए. होतो म्हणून अर्थही माझ्याच हातानं मारला. खाली सही केली, पूर्ण नाव, बी.ए. झाक असावी, हे वाक्य गेलं. काळी-पांढरीतली काळी मी आधीच्या सभेत सोडली होती. या टिपणीत पांढरीही गेली.

साहेबांनी वाचून मान डोलावली. "वा," म्हणाले. त्यांची दुसऱ्या वर्षी बदली झाली.

काम थंडीत सुरू केलं, ऐन कापसाच्या दिवसांत. पहिल्यांदा फाटक. नवा खाका केला, पाच पाकळ्यांचा. डबा फोडला आणि हात सवयीनं पिवळ्याच्या झाकणाकडे गेला. मागे घेतला. डब्यातला पांढरा तसाच लावला. त्या दिवशी मी पेंटर नव्हतो. मग टँकर, जिनिंगच्या रस्त्यावर उभा करून. सकाळी रंगवला, संध्याकाळी पाहायला गेलो. ओल्या रंगावर एक तंतू नव्हता. आरशासारखं काम. तोपर्यंत हंगामातलं इतकं साफ काम माझ्या हातून झालं नव्हतं. मला तिथे थांबवेना.

झेंडाही बदलला. नागपूरहून तयार साटीनचा आला. जुना मांजरपाटाचा कार्यालयात टेबलं पुसायला वापरला. मी डोळ्यांनी पाहिला, शिपायाच्या हातात. मागावा असं मनात आलं, पण कोणत्या तोंडानं मागणार?

अभियानाची तपासणी झाली, बक्षीस काही मिळालं नाही. चॅनेलच्या गाड्या कमी झाल्या, पण त्या फुलाला पाहून नव्हे. त्यांना दुसरीकडे काही सापडलं असेल. दोन-तीन वर्षांनी फूल सगळ्यांच्या सवयीचं झालं. पोरांनी त्याला चाफा म्हणायला सुरुवात केली, मग मास्तरांनी, मग पुस्तकानं. आता ते रंगवतही नाहीत. तयार स्टिकर येतो, सोलून चिकटवतात. स्टिकरचा पांढरा त्याहूनही पांढरा आहे.

माय आता नाही. पण तेव्हा होती.

टँकर आमच्या गल्लीत एक दिवसाआड यायचा. बाया पाण्याचे गुंड-हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, माय नेहमी पुढे. रंगवल्यानंतर तो पहिल्यांदा आला तेव्हा मी दारातच होतो. आत जावं असं वाटलं, पण पाय निघाला नाही. टँकर वळून थांबला, पाइप सुटला, बायांची झोंबाझोंबी सुरू झाली. माय रांगेतून बाजूला झाली. गुंड खाली ठेवला. मान तिरपी करून पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे वळून हाक मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"मधू, कोन मेलं रे?"

"कोणी नाही, माय."

"मंग असं कायले रंगवलं?"

बाया आमच्याकडे पाहू लागल्या. मी जवळ गेलो आणि जे लिहिलं होतं तेच तिला हळू आवाजात सांगितलं. पांढरा म्हणजे स्वच्छता. शांतता. मधलं ते फूल आहे. कार्यालयानं ठरवलं.

"कोनं लिहून देल्लं?"

तिला वाचता येत नव्हतं, पण या गावात असं लिहून देणारा एकच माणूस आहे, हे तिला माहीत होतं. वर्षानुवर्षं तीच तर लोकांना अभिमानानं सांगत आली होती.

ती टँकरच्या जवळ गेली. तिनं तळवा त्या फुलावर ठेवला आणि सावकाश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला. कवडी वेचताना फिरवायची तसा. मग तळहात उलटा करून उजेडात धरला, बोटं चोळून पाहिली.

"रुई नाई लागली एकबी," म्हणाली.

तिचा नंबर गेला होता. रिकामा गुंड उचलून ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.